आत्याबाईंचा शेवटचा टाका

माझं काम चुका शोधण्याचं आहे. सिनेमाच्या सेटवर मी एक वही, एक छोटा कॅमेरा आणि कपाळावर कायमची आठी घेऊन बसते. पहिल्या शॉटमध्ये नटाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल, तर दुसऱ्या शॉटमध्येही ते उघडंच हवं. मग मधल्या वेळात तो जेवून, झोपून, बायकोशी भांडून आलेला का असेना. याला कंटिन्युइटी म्हणतात. अठ्ठावीस वर्षं मी हे करतेय, आणि माझ्या एकाही सिनेमात कुणाचा अर्धा प्यायलेला चहा आपोआप भरलेला नाही. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. काम चांगलं झालं तर ते कुणाच्या लक्षातच येऊ नये, असं हे काम आहे.

तेव्हा कौतुक करण्याची मला सवय नाही. या गोष्टीत मी ते भरपूर करणार आहे, ते सोसून घ्या.

माझ्या बहिणीचा मुलगा दिग्दर्शक झाला. लहानपणी तो तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचा, म्हणून मी त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. सेटवर त्याला सगळे सर म्हणतात, मी ठोंब्याच म्हणते, आणि तो चिडला की मला मावशी म्हणायचं सोडून मॅडम म्हणतो. त्याचा पहिलाच सिनेमा, तोही भुताटकीचा. बंद पडलेल्या एका घरात राहायला आलेली सात वर्षांची मुलगी, आणि त्या घरात आधीपासून असलेली मोडकी खेळणी. कला विभागाने नव्या बाहुल्यांना काजळी फासून आणून दाखवल्या. त्या बघून भीती वाटण्याऐवजी त्यांना आंघोळ घालावीशी वाटत होती. ठोंब्याने नाक मुरडलं, आणि आम्ही दोघं खरी जुनी खेळणी शोधायला बाहेर पडलो.

एक किल्लीवाला आणि एक लाँड्री यांच्या मधे ते दुकान होतं. इतकं अरुंद, की आत जाताना ठोंब्याला खांद्यावरची बॅग काढून हातात घ्यावी लागली. पाटीवर लिहिलं होतं, ‘खेळणी दुरुस्त करून मिळतील’. आत एक सत्तरीचा बारीक माणूस, अंगात सहा खिशांचा अंगरखा. अख्खी गल्ली त्यांना डॉक्टर म्हणत होती. भिंतभर लाकडी खण, प्रत्येकावर चिठ्ठी. कान. चाकं. स्प्रिंगा. डोळे, डावे. डोळे, उजवे. ठोंब्याने ते शेवटचे दोन खण वाचले आणि तो तिथेच विरघळला.

मागच्या बाजूला पडदा होता, आणि पडद्यामागे फळ्यांवर एकेचाळीस खेळणी बसली होती. कापडी अस्वल, लाकडी घोडा, पत्र्याचा ढोलवाला, ससा, बदक, बाहुल्या. सगळी नीट दुरुस्त केलेली, पुसलेली. फक्त प्रत्येकाचं कुठेतरी थोडंसं राहिलेलं. अस्वलाच्या कानापाशी बोटभर शिवण उघडी, आणि तिथून दोरा ओवलेली सुई लोंबत होती. पत्र्याच्या ढोलवाल्याच्या गळ्यात दोऱ्याने एक स्क्रू बांधलेला.

“ही अर्धवट का ठेवलीत?” मी विचारलं. असं काही दिसलं की मला विचारल्याशिवाय राहवत नाही.

“अर्धवट नाहीत, बाई. एक-एक टाका राहिलाय.” ते म्हणाले, “मूल खेळणं ठेवून जातं तेव्हा ते मोडलेलं असतं. परत आलं आणि एकदम धडधाकट हातात दिलं, तर त्याला वाटतं, बदललं. हे माझं नाहीच, म्हणून भोकाड पसरतं. म्हणून शेवटचा टाका मी ठेवून देतो. मूल समोर बसलं की घालतो. त्यानं डोळ्यांनी बघितलं की त्याची खात्री पटते.”

“आणि या खेळण्यांची मुलं?”

“यायची आहेत,” डॉक्टर म्हणाले.

फळीवरचं सर्वांत जुनं खेळणं छत्तीस वर्षांपूर्वी आलेलं होतं.

रस्त्यावर आल्यावर ठोंब्या मला म्हणाला, “मावशी, ते ‘यायची आहेत’ म्हणाले ना, तिथे माझ्या अंगावर काटा आला. सिनेमा हाच.” आणि आठवड्याभरात त्याने गोष्ट नवी लिहिली. घरातली खेळणी सुई फरफटत हिंडतात, आपल्याला टाकून गेलेलं मूल शोधतात. ते मूल काही सापडत नाही. मग जे सापडेल त्या मुलाला ती आपलं म्हणतात. वाचून मी दिवसाउजेडी बाथरूमचं दार उघडं ठेवून हात धुतले. पोरगं डोकेबाज आहे, हे मला तेव्हाच मान्य करावं लागलं, मनातल्या मनात.

डॉक्टरांनी खेळणी द्यायला अट एकच घातली. प्रत्येक खेळण्याचा चेहरा पडद्यावर एकदा तरी स्वच्छ उजेडात दिसला पाहिजे.

“हो हो,” ठोंब्या म्हणाला. घाईत असला की तो सगळ्यालाच हो हो म्हणतो.

ही अट कशासाठी, ते मला शूटिंगच्या पहिल्या दिवशी कळलं. डॉक्टर रोज खेळण्यांबरोबर यायचे, त्यांना हलवायचं कामही तेच करायचे. मुलीला टोचू नये म्हणून त्यांनी प्रत्येक सुईच्या टोकाला मेणाचा थेंब लावला होता. तो थेंब ते बोटाने चाचपून बघत होते, आणि बघताना नजर मात्र खिडकीकडे. हे मी वहीत लिहिलं नाही, पण डोक्यात राहिलं. जेवणाच्या सुट्टीत मी सरळ विचारलं, “डॉक्टर, तुम्हाला दिसत नाही का?”

ते हसले. “कडा दिसतात. समोरचं मधलं पुसट झालंय. वर्षभरात मधलं सगळं जाईल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात.” मग त्यांनी हातातल्या सशाचे कान सरळ केले. “दुकान बंद करायला हरकत नाही हो. पण हे एकेचाळीस जण माझ्या भरवशावर बसलेत. मी काही घरोघरी जाऊन यांची मुलं शोधू शकत नाही. सिनेमा जातो ना घरोघरी? कुणीतरी ओळखेल. हात चालतायत तोवर यायला हवं, एवढंच.”

मला गलबलून आलं, आणि मला गलबलून आलेलं अजिबात आवडत नाही. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि एकेचाळीस खेळण्यांची यादी केली. ज्याचा चेहरा नीट उजेडात येईल, त्याच्यापुढे खूण. हे माझं काम नव्हतं, पण माझ्याशिवाय ते कुणी केलंही नसतं.

दोन आठवड्यांत खुणा झाल्या तीन.

कारण ठोंब्याने शूटिंगसाठी भाड्याने घेतलेल्या घराच्या सगळ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकली होती. बाहेर टळटळीत दुपार आणि आत आम्ही एकमेकांच्या पायावर पाय देत वावरतोय. खेळणी दिसायची ती कोपऱ्यात, पलंगाखाली, दाराच्या फटीत. मी रोज आठवण करून द्यायची आणि तो रोज म्हणायचा, “मावशी, भीती अंधारात असते.”

“दिलेला शब्द कुठे असतो?”

“मॅडम, प्लीज.”

एक मात्र सांगायला हवं. अंधारात का होईना, काम विलक्षण होत होतं. डॉक्टर पलंगाखाली पोटावर पडून नायलॉनचा दोरा ओढायचे, आणि लाकडी घोडा फरशीवरून असा सरकायचा की कॅमेरामन, ज्याने म्हणे युद्धाचं चित्रीकरण केलंय, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. दिसत नसताना डॉक्टरांना कसं जमायचं कोण जाणे. ते म्हणायचे, “दोरा सांगतो.” फरशीवर सुई घासत जाते तो आवाजही त्यांनीच शोधून काढला. अगदी बारीक, खरवडल्यासारखा. पाच माणसं श्वास रोखून उभी असतील तरच ऐकू येईल असा.

या सगळ्यांत मुख्य पात्र होतं एका कापडी बाहुलीचं. घट्ट बांधलेला अंबाडा, वर चढलेल्या भुवया, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण चहात तिसरा चमचा साखर टाकली ते तिने बघितलंय. युनिट तिला आत्याबाई म्हणायचं. कुणी तिला ‘अगंतुगं’ केलं नाही. “आत्याबाई आल्या का? आत्याबाईंना खुर्ची द्या.” तोंडाचा डावा कोपरा उसवलेला, तिथून काळ्या दोऱ्याची सुई लोंबत होती. त्या उघड्या कोपऱ्यामुळे असं वाटायचं, की त्या काहीतरी बोलायच्या बेतात आहेत आणि ते आपल्याबद्दलच आहे.

सिनेमातल्या मुलीचं काम करणारी पोर खऱ्या आयुष्यात अगदीच निराळी होती. सगळे तिला बारकी म्हणायचे. पडद्यावर किंकाळी फोडायची आणि कट म्हटलं की आत्याबाईंना मांडीवर घेऊन त्यांच्याशी गप्पा मारत बसायची.

बुधवारी सकाळी मी आत्याबाईंची पेटी उघडली.

तोंड बंद होतं. सुई नव्हती, दोरा नव्हता, उसवलेला कोपराही नव्हता. मी मंगळवारचे फोटो काढले. फोटोत तोंड उघडं. परत बाहुलीकडे बघितलं, बंद. आदल्या दिवशी आम्ही अर्धा प्रसंग चित्रित केला होता, उरलेला अर्धा आज होता, आणि शुक्रवारी संध्याकाळी घर रिकामं करून द्यायचं होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दिवे लावणारे दोघं दारातच थबकले. “आपोआप बरी व्हायला लागली,” एक जण म्हणाला, आणि कुणीही हसलं नाही. चहा देणाऱ्या दादांनी ट्रे बाहेरच ठेवला. मेकअपवाल्या बाईंनी आत्याबाईंना चक्क हात जोडले. तीन आठवडे खोटी भीती बनवण्यात गेलेली ही माणसं, आणि एका शिवलेल्या तोंडाने सगळ्यांची पाचावर धारण बसली. मी भुतंखेतं मानत नाही. तरी पेटीचं झाकण मी एका बोटाने लावलं, हे कबूल करते.

“मी घातला तो टाका,” डॉक्टर मागून म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते अंगरख्याचा खिसा चाचपत उभे होते.

“काल जेवणाच्या सुट्टीत. बारकी हिला घेऊन आली. म्हणाली, ‘आजोबा, ही माझी आहे. हिचं तोंड शिवून द्या ना, हिला जेवता येत नाही.’” ते थांबले. “छत्तीस वर्षं मी ‘ही माझी आहे’ एवढं ऐकायला बसलोय, साहेब. ऐकलं, आणि हात चालला. टाका घालून झाल्यावर मला कळलं, काय केलं ते.”

ठोंब्याचा चेहरा पांढरा पडला होता. “ठीक आहे,” तो म्हणाला. “उसवा.”

“दुसरा कुठलाही उसवतो. शेवटचा नाही.”

“डॉक्टर, माझा सिनेमा बुडतोय!”

“कळतंय मला. पण एका मुलानं डोळ्यांनी बघितलंय तो टाका. आता मी उसवला तर मी इतकी वर्षं काय करत होतो?”

ठोंब्याने मेकअपच्या टेबलावरची कात्री उचलली आणि माझ्यासमोर धरली. “मावशी. तू कर. तुझं कामच आहे ना, जसं होतं तसं ठेवणं?”

होतंच माझं काम. मी कात्री घेतली. बाहुली दिव्याखाली धरली आणि टाका शोधायला लागले. शोधायला लागले म्हणते, कारण तो सापडेना. अठ्ठावीस वर्षं चुकीचं बटण वीस फुटांवरून पकडणारे हे डोळे, आणि अर्धा आंधळा म्हातारा घालून बसलेला एक टाका मला दिसेना. कापड जिथे संपतं तिथेच तो गेला होता. असं काम मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. माझा हात खाली आला.

“मला नाही जमायचं,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे जमायचं नाही! आंधळा आहेस का? बघ जरा काय आहे ते!” मी नको ते, नको त्या माणसासमोर बोलून गेले, आणि डॉक्टरांकडे बघायची माझी हिंमत होईना. मग जीभ सावरायला म्हणून मी काहीतरी बोलत सुटले. “एक बरी झाली तर काय आभाळ कोसळलं? दवाखान्यात एकाचा नंबर लागला की बाकीचे नाही का खुर्चीवरून उठून पुढे सरकत? चालतच असतं ते.”

ठोंब्या वळला. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला, थेट लहानपणी बघायचा तसा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कॅमेरामनने माझ्याकडे बघितलं, मी ओठांवर बोट ठेवलं.

“मुलीने एकीला शिवलं,” तो हळूच म्हणाला. “चुकून. दया येऊन. आणि बाकीच्यांना ते कळलं.” तो माझ्याकडे वळला. “मावशी, ती रांग लावतात.”

मी कात्री टेबलावर ठेवली.

“पॅसेजमध्ये,” तो म्हणाला. “चाळीसच्या चाळीस. मुलगी शिवतेय. मान वर करते, तर रांग थोडी पुढे आलेली. परत खाली बघते, परत वर. हलताना एकही दिसत नाही. पण अंधारात…”

“अंधारात शिवता येत नाही, साहेब,” डॉक्टर म्हणाले. “शिवायला उजेड लागतो.”

ठोंब्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या वहीकडे, मग खिडकीकडे. आणि स्वतः स्टुलावर चढून त्याने पहिलं काळं कापड ओढून काढलं. धुळीचा लोट उठला. तीन आठवड्यांनी त्या घरात ऊन आलं.

गुरुवारचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. लांबलचक पॅसेज, टोकाला खिडकी, खिडकीपाशी पाटावर बारकी. तिच्यासमोर पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत खेळणी, एकामागे एक, तोंडं तिच्याकडे. प्रत्येकाची सुई नाही तर स्क्रू पुढे धरलेला, जणू नंबराची चिठ्ठी. डॉक्टरांनी बारकीला टाका घालायचा अभिनय शिकवला. सुई कापडावरून जायची, आत नाही. तो नियम त्यांनी पुन्हा मोडला नाही. कॅमेरा बारकीच्या खांद्यामागून, आणि समोर बसेल त्याच्या तोंडावर खिडकीचा लख्ख उजेड.

रांग पुढे सरकवायचं काम माझं. दर शॉटनंतर प्रत्येक खेळणं बरोबर चार बोटं पुढे, मान तशीच, कान तसाच, सुईची दिशा तीच. माझं सगळं आयुष्य वस्तू जागच्या हलल्या नाहीत हे बघण्यात गेलं. त्या दिवशी मी गुडघ्यांवर रांगत त्या हलवत होते, हातात पट्टी, दातांत पेन्सिल, आणि समोरून डॉक्टर रांगत येत होते, बोटांनी मोजत. ते एकदाही चुकले नाहीत. मी दोनदा चुकले. माझ्या चुका त्यांनी हाताने चाचपून दुरुस्त केल्या आणि कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मी वहीचं मागचं पान उघडलं. एकेचाळीस खुणा. आम्ही दोघं पॅसेजमध्येच भिंतीला पाठ टेकून बसलो, कारण उठायची ताकद कुणातच नव्हती.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला मी डॉक्टरांना घेऊन गेले. तोवर त्यांचं मधलं बरंच गेलं होतं. ते पडद्याकडे तिरपं बसून कडेने बघत होते. रांगेचा प्रसंग आला. झगझगीत ऊन, शांत पॅसेज, आणि मुलगी मान वर करते. मी स्वतः चार-चार बोटं सरकवलेली ती खेळणी, तरी माझे हात खुर्चीला घट्ट धरलेले. पुढे बसलेला एक पैलवानी गडी बायकोच्या ओढणीत तोंड खुपसून बसला. शेवटी रांग पॅसेजच्या दारातून वळते आणि कॅमेरा तिच्या मागे जातो, तेव्हा ती जिन्यावरून खाली, फाटकाबाहेर, रस्त्यावर गेलेली दिसते. थिएटरमध्ये कुणी खोकलंही नाही. माझ्या ठोंब्याने काय सिनेमा केलाय म्हणून सांगू! मला इतका अभिमान वाटला की मी बहिणीला मध्येच फोन लावला, आणि मागच्या रांगेतल्या माणसाने मला झापलं.

“चेहरे दिसले?” डॉक्टरांनी कानाशी विचारलं.

“एकेचाळीस.”

“नीट?”

“नीट.”

त्यांनी मान डोलावली. पुढे पाच दिवस दुकानात कुणी आलं नाही. मी रोज जाऊन बसत होते, वाट बघणं मला अजिबात जमत नाही म्हणून. सहाव्या दिवशी दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला, मिशी पिकलेली. आत यायला लाजत होता. “ते अस्वल,” तो म्हणाला, “कान फाटलेलं… माझं आहे.” डॉक्टरांनी त्याला स्टुलावर बसवलं, अस्वल त्याच्या डोळ्यांसमोर धरलं आणि टाका घातला. सुईत दोरा तेहतीस वर्षांपूर्वी ओवलेला होताच. चाचपायचं आणि शिवायचं. त्या माणसाला कळलंही नाही की समोरच्याला दिसत नाही. अस्वल पोटाशी धरून तो रडत रस्त्याला लागला, आणि किल्लीवाला त्याच्याकडे बघतच राहिला.

मग येऊ लागले. एकटे, जोडीने, कुणी आईला घेऊन, कुणी आपल्या मुलांना. एका रविवारी लाँड्रीच्याही पुढे रांग गेली. सिनेमातली रांग आठवून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सगळे आले असं नाही, पण फळ्या रिकाम्या होत गेल्या.

आत्याबाई मात्र काउंटरवरच होत्या. शूटिंग संपल्यावर डॉक्टरांनी त्या बारकीला देऊ केल्या होत्या. तिची आई म्हणाली, शूटिंग बघितल्यापासून मी घरात साधी उशीसुद्धा उभी ठेवत नाही. तेव्हा बारकी सवड मिळाली की दुकानात येऊन त्यांच्याशी खेळायची.

त्या दिवशी ती होतीच. दुपारचे चार वाजले असतील. पंचेचाळिशीची एक बाई आत आली, हातात हेल्मेट, ऑफिसचा पास गळ्यात. तिने काउंटरवर बघितलं आणि हेल्मेट खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली.

“ही माझी आहे,” ती म्हणाली.

बारकीने बाहुली छातीशी धरली. डॉक्टरांचा हात काउंटरवर थांबला.

“मी नऊ वर्षांची होते. आम्ही अचानक घर सोडलं. बाबा म्हणाले, नवी घेऊ.” ती डॉक्टरांकडे बघत होती. “परवा मुलाने हट्ट केला म्हणून सिनेमाला गेले. ही दिसली आणि मी उभीच राहिले. ती ज्या पोरीला शोधत असते ना त्यात, ती मी आहे.” मग तिचं लक्ष बाहुलीच्या तोंडाकडे गेलं. “शिवलंत? तुम्ही मला म्हणाला होतात, तू आल्याशिवाय शिवणार नाही.”

असे उतरलेले डॉक्टर मी कधी बघितले नव्हते. “म्हणालो होतो,” ते म्हणाले. “चुकलो. हिनं ‘माझी आहे’ म्हटलं आणि मी घालून बसलो. बाकी चाळीस जणांचा नियम पाळला, तुमचाच मोडला. तुम्ही सांगत असाल तर उसवतो.”

ज्या टाक्यासाठी त्यांनी ठोंब्याचा अख्खा सिनेमा बुडू दिला असता, तो ते उसवायला तयार झाले होते.

बाई बारकीसमोर खाली बसली. “ही तुझ्याशी बोलते?”

“खूप,” बारकी म्हणाली. “पण सारखी नावं ठेवते.”

“तेव्हाही ठेवायची.” बाई हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. “नका उसवू, डॉक्टर. मीच उशिरा आले. त्याच्या शेजारी अजून एक घाला. माझ्या उशिराचा. मग ही काही दिवस माझ्याकडे, काही दिवस हिच्याकडे राहील.” तिने बारकीकडे बघितलं. “चालेल?”

बारकीने बराच विचार केला आणि आत्याबाईंना स्वतःच काउंटरवर ठेवलं.

डॉक्टरांनी खिशातून सुई काढली, काळा दोरा काढला. आणि मला एकदम कळलं. सगळ्या खेळण्यांच्या सुया आधीच ओवलेल्या होत्या. ही एकच रिकामी होती. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुईच्या नेढ्याशी नेलं. चुकलं. परत नेलं. परत चुकलं. नजर खिडकीकडे. ती बाई बघत होती, बारकी बघत होती. इतके महिने दुकानात येणाऱ्या कुणालाही कळू दिलं नव्हतं ते आता सगळ्यांना दिसत होतं, आणि तिसऱ्यांदा दोरा बाजूने निघून गेला.

मी उठले. “द्या इकडे,” मी म्हणाले, नेहमीच्याच खेकसणाऱ्या आवाजात. “कधीपासून बघतेय, दोरा जाड घेतलात तुम्ही. चूक आहे ती.”

दोरा जाड नव्हता. मी तो पहिल्याच प्रयत्नात ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई त्यांच्या बोटांत दिली. त्यांनी माझा हात क्षणभर धरून ठेवला. मग त्या बाईला म्हणाले, “बसा स्टुलावर. नीट बघा हं.”